दोन्ही फोटोंतला हात

नाव: मगाशी दोनदा सांगितलं, हवालदारसाहेब दोनदा विसरले. तिसऱ्यांदा लिहून घेतलं आहे, तेच. वय: पंच्याहत्तर धरा. धंदा: घरकाम. राहणार: नातीकडे, कॉलेजमागच्या इमारतीत, जिन्यालगतची खोली. लिहिता-वाचता येत नाही.

समोर बसून सांगते की, माझी नात सांधेदुखीच्या औषधावर संशोधन करते. तिच्या सरांनी तिचा लेख स्वतःच्या नावावर एका मासिकात छापला, मथळा बदलून दुसऱ्याही मासिकात छापला. त्यांचा आधी आला म्हणून विद्यापीठाने चोर हिलाच ठरवलं. पदवी अडकली. म्हणून तिने इथे तक्रार दिली. साक्षीला मी, कारण लेखातला फोटो माझ्या हाताचा आहे. तू फक्त हात ओळख, एवढंच तिने शिकवलं.

साहेबांनी सरांची दोन्ही मासिकं पुढे ठेवली. दोन्हींत माझा डावा हात. करंगळी घर सोडून निघालेली, अंगठ्याखाली भाजल्याचा डाग. तो नातीच्या शाळेच्या फ्रॉकला इस्त्री करताना पडला. सरांची करंगळी अशी असेल तर त्यांना बोलवा, म्हटलं. साहेब हसले. नातही हसली, बऱ्याच दिवसांनी.

मग साहेबांनी नातीचा स्वतःचा लेख काढला. पहिला फोटो माझाच. खाली दुसरा, उजव्या हाताचा. साहेबांनी वाचून दाखवलं की ही दुसरी बाई, वय बावन्न, औषधाचा चांगला गुण आला. अंगठ्याखाली तोच डाग होता.

नात म्हणाली, "आजी, नीट बघ ना."

मी म्हटलं, "नीटच बघितलं गं. हाही माझाच. डावाच, उलटा केलेला."

ते औषध मी कधी घेतलेलं नाही. त्या दिवसांत तिला पेशंट मिळत नव्हते आणि मुदत संपत आली होती, हे मला ठाऊक आहे. फोटो उलटा केल्याचं ठाऊक नव्हतं.

आता पदवीचं काय, असं मी विचारलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. नात हसली हे साहेब गाळणार होते, ते मी राहू द्यायला लावलं. अंगठा डाव्या हाताचा दिला आहे, ओळखीचा आहेच.

टोपण काढलंच आहे तर एवढंही लिहा. नात बाहेर बाकावर बसली आहे, सकाळपासून उपाशी. माझ्याबरोबर घरी येत नाही म्हणते. समोरच्या खानावळीतून तिला मऊ भात पाठवा, वर दूध. चहा नको, रिकाम्या पोटी तिला सोसत नाही. मी सांगितलं असं म्हणू नका, म्हणजे खाईल.