धुऱ्याचा खटला

माझ्या आणि शेजारी हेमराजच्या धानाच्या बांधीमधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध, कोणाचा, यावर सहा वर्षं खटला चालला. तितकी वर्षं आम्ही बोललोही नाही.

एका तारखेला कोर्टाबाहेर पाठ फिरवून बसलो होतो. गावातून फोन आला, तलावाचं पाणी सोडलं आणि धुरा फुटला. वरच्या बांधीतलं माझं धान वाळणार, खालच्या बांधीतलं त्याचं बुडणार. दोघंही उठलो.

"तू कायले उठला?" मी विचारलं.

"तू काऊन उठला? गाडी आहे माह्यापाशी. बस मांगं, बुढ्या!"

बसलो. माझे वकील पायरीवरून ओरडत राहिले, "बाबाजी, आता नाव पुकारतील!"

सांजेपर्यंत दोघांनी चिखल टाकून धुरा बांधला.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "मागच्या वेळी कुठं होता?"

"धुरा बांधून राहिलो होतो, साहेब."

"कोणाचा धुरा?"

'माझा' म्हणायचं, हे वकिलांनी माझ्याकडून शंभरदा घोकून घेतलं होतं.

मी म्हटलं, "आमचा."

हेमराजनं मान डोलावली. साहेब हसले. वकिलांनी कपाळाला हात लावला. "बाबाजी, खटला गेला ना!"

"जाऊ द्या," मी म्हटलं. "धान वाचलं."