ओतीव घोडा

चाकणच्या बसथांब्यावर माझ्यापुढे गोदामाचे पहारेकरी जयसिंगमामा होते. हाताला पट्टी. शेजारी त्यांचा भाचा ज्योतीराम, तापलेलं लोखंड ठोकून सुटे भाग घडवणाऱ्या फोर्जिंग कंपनीतला.

"सरावात बार काढला अन् बंदुकीचा घोडाच तुटून हातात घुसला. हा बघ तुकडा."

"नवी होती ना? मोठ्या नावाची?"

"व्हय. साहेब म्हणतो, एवढ्या नामांकित कंपनीचा माल तुटेलच कसा, तुम्हीच आपटली असणार!"

"मामा, हा ठोकून घडवलेला नाही, साच्यात ओतलेला, ओतीव आहे. आत बुडबुड्यांची भोकं दिसतायत. आमच्याकडे असला पार्ट थेट भंगारात जातो."

"म्हंजे ओतीव वाईटच?"

"तसं नाही हो. नीट ओतलं, तपासलं, तर तेही वर्षानुवर्षं टिकतं. इथं तपासलंच नाही. नाव काय, मशीन कशावरही कोरतं!"

"हेच सांगितलं त्याला, तुकडा दाखवून."

"मग?"

"म्हणाला, यावर कंपनीचं नाव कुठाय?"

"कमाल आहे राव!"

"उद्या दुसरी देतायत."

"कुठली?"

"त्याच कंपनीची."

"आणि तुम्ही घेणार?"

"न्हाई. लेखी देऊन आलोय. काठी द्या म्हटलं, काठी घेऊन उभा राहतो."