सहा चमकदार जोड

नाई नाई सिस्टर, आधी बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलते — खुर्चीवर बसा. भामरागडकडून पहिली बस धरून आल्या, तोंडात पाण्याचा घोट नाई, अन् आल्या आल्या माह्यावर चिडून राह्यल्या तर कसं जमन? हाव, ओळखला मी बोर्ड. तुमच्या दवाखान्यातल्या लसीच्या फ्रीजचा, तो सोलरवर चालते त्याचा. फेब्रुवारीत मीच दुरुस्त करून देल्लता. 'गुलाबभाऊचा जोड दहा वर्षं हलत नाई' — हेबी मीच म्हणलो होतो, विसरलो नाई. चार महिने चालला म्हणता? आता चार महिने म्हणजे बी काही कमी — बरं बरं, नाई बोलत.

तुमाले समजावून सांगतो, म्हणजे राग जाईन. सोल्डर म्हणजे काय, तर तार असते, आयर्ननं — या तापत्या सळईनं — तापवली का वितळते अन् बोर्डावरचा पार्ट धरून ठेवते. जुनं आपलं साठ-चाळीस — साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. लोण्यावाणी वितळते, अन् थंडं झालं का असं चमकते का तोंड पाहून घ्या. पस्तीस वर्षं त्याच्यावर माहं पोट आहे. आमच्या वारलू पाटलाचा रेडिओ घ्या, मी ब्याण्णव साली जोडलेला, अजून बातम्या सांगते — पाटलाले ऐकू येत नाई, रेडिओ बोलते. मंग हे नवीन आलं, लेड-फ्री. शिसंच काढून टाकलं. काऊन काढलं? तर म्हणे तब्येतीले खराब. आता एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात चिमटा, मंग तार कुठी धरन माणूस? दातात धरते. पस्तीस वर्षं दातात धरून राह्यलो मी, काय झालं मले? काही नाई. थोडं विसरायले होते, पोट धरते कधी कधी, हाताले मुंग्या — तुमी असं पाहू नका न सिस्टर, तुमची नोकरी आहे ती म्हणून तुमाले सगळे बिमारच दिसते.

अन् ते लेड-फ्री पाह्यलं का कधी? राखेच्या रंगाचं. कितीबी चांगला जोड करा, तोंड पाडूनच बसते. आमच्या धंद्यात मळकट जोड म्हणजे ड्राय जोड, म्हणजे आतून सुटलेला. मले माह्या उस्तादानं हेच शिकवलं — चमकला तर धरला, नाई चमकला तर परत कर. मंग तुमच्या बोर्डात दोष होता एका कपॅसिटरचा, फुगला होता, तो मी बदलला, फ्रीज चालू झाला. तिथीच थांबाले पाह्यजे होतं. पण बाजूले पाह्यतो तर सहा जोड मळकट. म्हणलं सिस्टर दुरून आल्या, पावसाळ्यात नदी चढली का यायचे वांधे, आपण पक्कंच करून देऊ. देल्ली त्या सहाही जोडांवर साठ-चाळीसची एकेक टिकली. काय चमकले म्हणता. त्याचे वेगळे पैसे बी नाई घेतले.

हळू बोलू? काऊन? अलमारीच्या तिकडं? तिकडं कोणी नाई, माही सून आहे. दिव्यानी. आमचा प्रवीण एसटीत कंडक्टर आहे न, त्याची बायको. आयटीआय करून आलेली पोट्टी. प्रवीण म्हणे बाबा, तिले बी टेबल द्या, म्हणून मधात अलमारी लावली — इकडं मी, तिकडं ते. तिचं आयर्न बी नखऱ्याचं, त्याच्यावर आकडे दिसते किती गरम झालं ते. माहं पंचवीस वॅटचं, थुंकी लावून पाह्यतो. अन् नातीले मांडीवर घ्यायचं तर आधी साबणानं दोनदा हात धुवा म्हणते, शिसं आहे म्हणते. धुतो मी. नातीसाठी धुतो, तिच्यासाठी नाई. पंधरा दिवस झाले, बोलत नाई आमी. जेवायले वाढते, मीठ कमी असलं तर मी प्रवीणले सांगतो, प्रवीण तिले सांगते. प्रवीण ड्युटीवर असला का अळणी खातो.

भांडण काऊन झालं? काही नाई जी. दुकानात गिऱ्हाईक उभं, मी एक बोर्ड जोडून राह्यलो, अन् हे अलमारीवरून पाह्यते अन् म्हणते, मामाजी, तुमचं साठ-चाळीस काही वाईट नाई, पण खालचं कंपनीचं लेड-फ्री सोल्डर पंपानं पूर्ण ओढून घ्या, मंगच टाका. तुमच्या आयर्नानं ते खालचं वितळतच नाई, त्याले जास्त ताव लागते. तुमचं नुसतं वर बसते, म्हणते. गिऱ्हाइकापुढं म्हणलं हे. मी म्हणलो, तू जल्मली नव्हती तेव्हापासून मी हे करून राह्यलो. तं म्हणते, म्हणूनच म्हणतो मामाजी.

आणा तो बोर्ड. भिंग कुठी गेलं… हं. हा कंपनीचा, हा कंपनीचा. हे सगळे मळकट. सगळे चांगले आहे. एकाले बी काही नाई झालं. अन् हे माहे. एक… दोन… तीन. तीन चिरले, सिस्टर. पाहा, केसाएवढी चीर, गोल. बाकीचे तीन आज ना उद्या जाते. वरून चमकते अन् खाली धरलंच नाई. ड्राय नव्हतेच ते सहा जोड. त्याहीचा रंगच तसा होता.

किती लसी फेकल्या म्हणल्या? सगळ्या? अन् लोकं आलते त्या दिवशी? बुधरी कोण? तीन मैल चालत, लेकराले कडेवर घेऊन — अन् परत पाठवली तुमी. तुमी नाई, मी पाठवली. हे खरं आहे, मले वाईट वाटून राह्यलं, मी उगीच तुमाले रेडिओच्या गोष्टी सांगून राह्यलो. नाचता येईना अंगण वाकडं.

किती दिवस आहे पाणी चढायले, आठ? मंग हा बोर्ड मी नाई करत. अलमारीच्या तिकडं द्या. तिले म्हणा — नाई, नुसता देऊन नाई जमन. दिव्यानी आपलं सोल्डर वरून टाकन अन् खाली माहं राहीन, परत चिरन. त्या सहा जोडांत काय कालवलं, कसं कालवलं, ते तिले कोणीतरी सांगाच लागन, अन् ते तुमाले सांगता नाई येणार. मीच सांगतो. तुमी असं करा, कोपऱ्यावर कांताबाईची टपरी आहे, तिथी चहा घ्या, माहं नाव सांगा. आरामात घ्या, दोन घ्या. जा न सिस्टर. सासरा सुनेले चुकलो म्हणते, ते काय पाह्यत बसायची गोष्ट आहे का?