फेलिसियानाचं पातेलं

कोबान गावाला जाणाऱ्या बसमध्ये एर्लिंदाच्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर झाकलेलं पातेलं होतं.

"ओतिलिया, आजारपणात चर्चमधल्या बायका पाळीपाळीनं रस्सा आणत होत्या ना गं तुला?"

"पाळी कसली! रोज फेलिसियानाच यायची. मी रोज परत पाठवायचे."

"अगं, तिला जाऊन वर्ष झालं!"

"मला का ठाऊक नाही? जिवंतपणीही आली होती एकदा. मी काय भिकारीण आहे का, म्हणत तोंडावर दार लावलं होतं तिच्या."

"आणि आज?"

"आज घेतला बाई. म्हटलं, दमली असशील, बस जरा."

"बसली?"

"हसली. पहिल्यांदाच पातेलं ठेवून गेली."

झाकण निघालं. रस्सा अजून वाफाळत होता. ओतिलिया मागे एर्लिंदाकडे वळली.

"घ्या ना ताई, थोडा. नाही म्हणू नका हं, नाहीतर उद्यापासून ती तुमच्या दारात येईल."