मस्टरवरचं वय

— न्हाई, उठू नका वकीलसाहेब. कोरटाचा शिपाई म्हनला आजून चार नंबर हायेत म्होरं. तुमी बाकड्यावर बसा, मी हितं पायरीवर बसते, धाकटी साळू मांडीवर निजलीया. तर काय म्हनत हुते मी — व्हय, वय. माज्या बनूचं वय तेरा. खरं तेरा. पानशेतचं धरन फुटलं, भीमेला त्यो लोंढा आला, तवा कडेवर हुती माज्या, दोन वर्साची. त्याला अकरा वर्सं झाली, आता तुमीच मोजा, तुमी शिकलेलं. दाखला? दाखला कुटला आनू साहेब — काष्टीच्या मळ्यात बाळंत झाले, रंगुबाई सुईन हुती, ती बी गेली. शाळंचं तोंड पोरीनं पायलं न्हाई. म्हंजी समदं माज्या जबानीवर, आन् माजी जबान —

मस्टरवर अठरा हाय, ठावं हाय मला. कुनी लिवायला लावलं? म्याच. दुष्काळी कामावर अठराच्या आतलं घेत न्हवते, नवरा जनावरं घिऊन छावनीत बसलेला, माज्या एकटीच्या खडी फोडन्यावर तिघींचं काय भागनार? पोरीला माजं लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, म्हनलं खाली बग, हसू नगंस. मुकादमानं वळखलं हुतं बरं का — गालातल्या गालात हसला, आन् लिवलं अठरा. खाली अंगठा माजा. पोलिसांनी त्योच मस्टर उचलला न् पोरीला मोठ्या बायांच्या कोठडीत घातलं. तितं शोभाबाई मास्तरीन येत्यात बायांना भेटायला, त्यांनी तुमाला धाडलं, देव त्यांचं भलं करो. पोरांच्या कोरटात खटला गेला तर सुटंल म्हनं, न्हाईतर पोरांच्या घरात तरी ठिवत्याल, चार अक्षरं शिकंल. हितं ठिवली तर संपली माजी पोर.

चोरी? चोरी कसली, सुकडीचं एक पोतं. ते बी अर्धं. दुष्काळात लेकरांना वाटायचंच सरकारी पीठ ते, गोदामाचं कुलूप नुसतं अडकवलेलं. साळू अंगावर पिती, आन् अंगाला दूध न्हाई — रडून रडून गप झालती. लेकरू रडायचं थांबलं का लई भ्या वाटतं साहेब. मग उचललं पोतं. शिवन उसवलेली हुती, डोक्यावर घेतलं तशी सुकडी सांडाया लागली, मानेवरनं पार चोळीत गेली, घामात चिकटली, दोन दिस खाजत हुतं मला —

तिला. तिला खाजत हुतं म्हनते मी.

लिवायचं का थांबला साहेब?

बरं. सांडलेल्या सुकडीचा माग काढत पोलीसपाटील आमच्या खोपीपतूर आला. कुनी आनलं म्हनून इचारलं. मी तोंड उघडायच्या आत बनू म्हनली, म्या आनलं. आन् मी — मी गप बसले. आई हाय का कोन हाय मी. वाटलं, ल्हान पोर हाय, दोन चापट्या देत्याल न् सोडत्याल. वाटलं, मी गेले तर साळूला कोन पाजील. पोरीला लुगडं नेसवलंय, ती आता कुनाला ल्हान दिसत न्हाई, ह्ये इसरूनच गेले. आजून त्याच लुगड्यात हाय ती.

ह्ये आत सांगू नका. मला धरत्याल. तुमी आमचे वकील न्हवं? … तिचे? नुसते तिचे? म्हंजी माजं — न्हाई, बरुबर हाय. तिचं तरी कुनी असू द्या. तुमाला भेटली तवा काय म्हनली ती? … आजून बी म्याच आनलं म्हनती? आईचं नाव न्हाई घेतलं?

पुकारा झाला बगा. बनुबाई, वय अठरा, म्हनला त्यो. उटा. सांगा समदं — वयाचं बी, पोत्याचं बी. एक खोटं ठिवलं तर दुसरं खरं कोन मानंल. मला हाक मारा, मी हितंच बसते, पळनार न्हाई. माज्याकडं काय बगताय? जावा साहेब. पोर एकटी हाय आत.