पान बेचाळीसवरचं ऑइल डाउन

...नाही, नाही, परत वाचा बाई, ते बेचाळिसावं पान — 'आई आंब्याखाली चूल मांडून गाणी म्हणत ऑइल डाउन रांधायची' — वा! माझी धाकटी बहीण ग्लेनिस, टोरांटोत बसून काय सुरेख लिहिते हो. आंबा होता, खरंय. शेजाऱ्यांचा. आणि आई गायची म्हणे! आमची आई जायफळाच्या वखारीत दिवसभर उभ्यानं जायफळं निवडायची — घरी यायची तेव्हा पाय हे एवढे सुजलेले — ती कसली गातेय? आयुष्यात एकदा तिनं हंडा चढवला, तो असा करपला की कुत्र्यानंही तोंड फिरवलं. मग रांधायचं कोणी? मी. इस्मेनं. दहा वर्षांची होते. पुस्तकात माझं नाव सापडलं का? आहे, आहे — शेवटी, आभारात, फोटो काढणाऱ्याच्या खाली.

लिहा ना, कृती लिहा, त्यासाठीच एवढ्या लांब ग्रेनाडाला आलात. खारवलेलं मांस आदल्या दिवशी भिजत घालायचं — ग्लेनिस म्हणते तासभर पुरे — तासभर! समुद्र प्यायल्यासारखं लागेल. मग नीरफणसाच्या फोडी, हळद, नारळाचं दूध, वर अळूची पानं, आणि झाकण ठेवलं की ढवळायचं नाही. दूध आटून तळाला तेल सुटेपर्यंत. तिला कुठून माहीत असणार? ती बाकावर बसून पाढे म्हणायची. तिला डोकं होतं ना — मला हात होते. मग शाळेत कोण जाणार, सांगा.

छे, राग कसला? शिकली, गेली, दर रविवारी न चुकता फोन करायची. 'आई कशी आहे?' — ठणठणीत, मी म्हणायचे. परवाच्या साली आईनं अंथरूण धरलं तेव्हाही — ठणठणीत. अकरा रविवार. का म्हणजे? तिचं तिकडे पुस्तकाचं काम चाललेलं, उगाच कशाला — बरं, खरं सांगू? आई रोज विचारायची, ग्लेनिस आली का. पुसतेय मी, भरवतेय मी, उशाशी बसतेय मी — आणि ग्लेनिस आली का! म्हटलं, नाहीच येऊ दे.

शेवटी माझ्यानंच ऐकवेना. सांगितलं, आली हो आई, चुलीपाशी आहे, तुझ्यासाठी ऑइल डाउन करतेय. तिला दिसत नव्हतं, कळणार कसं? रांधलं मी. सगळं रीतसर, तेल सुटेपर्यंत. चार दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं तिनं — दोन घास खाल्ले. सावकाश, चावून चावून. मग माझा हात धरून म्हणाली, 'इस्मे, शिक जरा. ग्लेनिसच्या हाताला बघ काय चव आहे.'

त्याच दुपारी गेली.

...तुम्ही हे लिहिताय? हे कशाला लिहिताय? ग्लेनिसला वाटतं आई झोपेत गेली, अचानक — मीच तसं कळवलं. मातीला आली, माझ्याच गळ्यात पडून रडली. खोडा ते. नाही, माझ्यासमोर खोडा.

आता उठा. बस लागलीय तुमची. पुस्तक न्या बरोबर, मला नको ते. आणि जेवलात ते ताट तिथंच राहू द्या — मी उचलते.