भोंगा वाजला तरी उठू नका

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य शरच्चंद्र कासेगावकर, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले गिरणीतले आपले जॉबर गुरुबसप्पा, ज्याच्यासाठी आपण जमलो तो चन्नवीर, आणि समोर बसलेल्या, दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी कमलाकर, पेट्या दुरुस्त करणारा. शाळा चौथीतच सुटली, पुढचं शिक्षण पेटीच्या भात्यानं केलं. तेव्हा भाषण म्हणून ऐकू नका, ओट्यावरचं बोलणं समजा.

चन्नवीर उद्या अहमदाबादेला निघाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करता करता पोरानं प्लायवूडचं एक कपाट उभं केलं. एक डबी आवाज काढते, दुसरी तो गाळते, तिसरी चढवते-उतरवते. मधल्या वायरी इकडच्या तिकडं खोचल्या की आवाजाचं रूप पालटतं. त्याला सिंथेसायझर म्हणतात. आमच्या मंडळी त्याला विजेची चूल म्हणतात! त्या चुलीवर यानं अख्ख्या तबकडीचं, दोन्ही बाजूंचं संगीत शिजवलं. मुंबईला तबकडी निघायची आहे. आज टेप आहे.

हीच टेप श्रावणात इथंच लागली होती. काय झालं ते मी सांगायला हवं का? शेवटच्या भागात आवाज चढत गेला, आणि सगळ्यांच्या काळजात एकच आलं : भोंगा! पाळीची वेळ नव्हती. अवेळी भोंगा म्हणजे काय, हे सोलापुरात तान्ह्या लेकराला कळतं. "आग लागली वो!" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह दाराकडं लोटलं. शिवबाई पायरीवर पडल्या, हात मोडला. त्या संध्याकाळी गुरुबसप्पा चार माणसं घेऊन चन्नवीरच्या दारात. रागावू नका गुरुबसप्पा, पण तुमचे शब्द मला पाठ आहेत. "चन्नवीरा, लोकांच्या जिवाशी खेळतूस व्हय? बाहेर आण ते कपाट, फोडतो!"

पोरगं कपाटापुढं उभं राहिलं.

त्याच्या मागं त्याची आई उभी होती, नागव्वा. जुन्या लोकांना आठवत असेल, गिरणीच्या आगीत चन्नवीरचा बाप कल्लप्पा गेला, त्या दिवशी असाच अवेळी भोंगा झाला होता. सहा वर्षांच्या चन्नवीरचा हात धरून ही माऊली गेटापर्यंत धावली होती. श्रावणातल्या त्या दिवसापासून ती लेकाशी एक शब्द बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. बोलत नाही.

मंडळी, त्या दिवशी पळाला नाही असा मी एकटाच. शौर्य कसलं, गुडघा! खुर्चीतून उठेपर्यंत सभागृह रिकामं झालं होतं. टेप मात्र चालू होती. म्हणून पुढचं फक्त मी ऐकलं.

ते सांगायला आज सकाळी नागव्वाकडं गेलो. विड्यांचं सूप मांडीवर, हातात कात्री. म्हटलं, "नागव्वा, तुम्ही शेवट ऐकलाच नाही."

वर न बघता म्हणाल्या, "शेवट मला ठावं हाय की, पेटीवाले. गेटावर दावला हुता."

पण म्हटलं, अव्वा, पोरगं उद्या जातंय. त्या भोंग्याचा चढ उतरतो. मग त्याचे तुकडे पडतात. लहान, आणखी लहान. आणि शेवटी नुसतं कच, कच, कच. विडीचं पान कापणारी कात्री. त्या गेटावरून परत आल्यावर त्या लेकरानं रोज जे ऐकलं, ते. भोंगा संपल्यावर त्याला कुणी जगवलं, ते.

त्यांची कात्री थांबली. एवढंच. "येते" म्हणाल्या नाहीत.

पण आल्या आहेत. त्या पलीकडं, दाराशी, पायात चपला तशाच. चन्नवीरा, वळून बघू नकोस, बाबा.

आता हात जोडून विनंती. गिरणीचा भोंगा मघाशी होऊन गेला, पुढचा रात्रपाळीला. गुरुबसप्पांनी स्वतः गेटावर निरोप ठेवलाय, खरंच काही झालं तर माणूस इथं धावत येईल. म्हणजे आता वाजेल तो या कपाटातला. छातीत धस्स होईल. माझ्याही होईल. शेजाऱ्याचा हात धरा, पण उठू नका. एक माणूस उठला तर सगळे उठतील, आणि ती माऊली पुन्हा अर्ध्यावरूनच घरी जाईल.

नागव्वा, तुम्हाला मात्र काही सांगत नाही. दार उघडंच ठेवलंय.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हात गळ्यात बांधून पुढं बसलेल्या शिवबाईंचे आभार. अडाण्याच्या तोंडून कमी-जास्त गेलं असेल तर पोटात घाला.

चन्नवीर, लाव.